निवृत्तांचा डॉलर, जमातीची तिजोरी

एकाच शहरातील दोन वसाहती

कॅलिफोर्नियाची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटोच्या ईशान्येला, सिएरा नेवाडा पर्वतरांग जेथून चढू लागते त्या पायथ्याच्या पट्ट्यात, प्लेसर काउंटीमध्ये लिंकन नावाचे शहर आहे. १८७५ मध्ये तेथे सुरू झालेला ग्लॅडिंग मॅकबीन हा भाजलेल्या मातीचे नळ, कौले आणि इमारतींवरील नक्षीकाम घडवणारा कारखाना पुढे शंभराहून अधिक वर्षे या शहराची ओळख बनून राहिला. गेल्या पाव शतकात मात्र लिंकनचा चेहरामोहरा दोन वेगळ्याच गोष्टींनी बदलून टाकला. पहिली म्हणजे ‘सन सिटी लिंकन हिल्स’ ही डेल वेब कंपनीने पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी वसवलेली, सहा हजारांहून अधिक घरांची वसाहत. आणि दुसरी म्हणजे ‘युनायटेड ऑबर्न इंडियन कम्युनिटी’ या मैडू आणि मिवॉक वंशाच्या मूलनिवासी समूहाने जून २००३ मध्ये शहरालगत उघडलेला ‘थंडर व्हॅली’ हा कॅसिनो. पहिल्या वसाहतीत नोकरी-व्यवसाय संपवून मोकळा वेळ आणि ठरावीक मासिक उत्पन्न हाती असलेली माणसे राहतात, तर दुसऱ्या ठिकाणी अनेक दशके कागदोपत्री अस्तित्वच नाकारल्या गेलेल्या एका लहानशा समाजाचे सरकार आपली तिजोरी भरते. या दोघांचे नाते जेवढे रोजचे आहे तेवढेच ते एकमेकांना अपरिचित आहे. (अमेरिकी कायद्यात ‘इंडियन’ हा शब्द अजूनही रूढ आहे; येथे मात्र घोटाळा टाळण्यासाठी ‘मूलनिवासी’ आणि ‘जमात’ हे शब्द वापरले आहेत.)

कामाच्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास या परिसरातील कोणत्याही जमाती-कॅसिनोत पाऊल टाकणाऱ्याला हे नाते लगेच दिसते. शनिवार-रविवारी येणारा तरुण वर्ग त्या वेळी नसतो, पत्त्यांची बरीचशी टेबले झाकलेली असतात, आणि यंत्रांच्या लांबच लांब रांगांसमोर जी माणसे बसलेली असतात त्यांतील बहुतेकांचे केस पांढरे असतात. कोणाच्या शेजारी चाकांचा आधार उभा असतो, कोणाच्या गळ्यातील गुंडाळदोरीला लावलेले सभासदकार्ड यंत्रात खोचलेले असते. कॅसिनोच्या पहाटे-सकाळच्या पाळ्या आणि आठवड्याच्या मधल्या वारांचे सवलतीचे जेवण हे सारे याच गिऱ्हाइकाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असते, कारण खोल्या, वीज आणि नोकरवर्ग यांचा खर्च मंगळवारीही तेवढाच होतो आणि मंगळवारी सकाळी मोकळा असणारा वर्ग निवृत्तांखेरीज दुसरा नाही.

भोजन, जिव्हाळा आणि पाहुणा वक्ता

उत्तर कॅलिफोर्नियात निवृत्तांच्या सामाजिक मंडळांची परंपरा जुनी आहे. त्यांपैकी ‘सन्स इन रिटायरमेंट’, संक्षेपाने ‘सर’, ही संस्था १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन मॅटिओ येथे निवृत्त पुरुषांसाठी सुरू झाली आणि गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. शाखेच्या अध्यक्षाला ‘बिग सर’ आणि उपाध्यक्षाला ‘लिटल सर’ असे संबोधण्याची तेथे रीत आहे, आणि दर महिन्याच्या भोजनसभेसाठी वक्ता शोधून आणण्याची जबाबदारी बहुधा या लिटल सरवर असते. गोल्फ, ब्रिज, मासेमारी, सहली, गुंतवणुकीची चर्चा, असे अनेक उपगट शाखेत चालत असले तरी सर्वांना एकत्र आणणारा कणा ही मासिक सभाच होय. छातीवर नावाची पट्टी लावून माणसे गोल टेबलांभोवती बसतात, वाढदिवसांची नावे वाचली जातात, आजारी सभासदांची खबर दिली जाते, दिवंगतांसाठी सारे क्षणभर उभे राहतात, मग जेवण होते आणि त्यानंतर पाहुण्याचे अर्ध्या-पाऊण तासाचे व्याख्यान. राजकीय प्रचार, धर्मप्रसार आणि मालाची विक्री यांना या मंचावर जागा द्यायची नाही, असा संकेत आहे.

महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांना गेलेल्या वाचकाला यातील बरेचसे ओळखीचे वाटेल. मृत्युपत्र, मधुमेह, गुडघ्यांची शस्त्रक्रिया आणि प्रवासवर्णन हे विषय दोन्हीकडे सारख्याच हमखास गर्दीचे. जमाती-कॅसिनो हा विषय मात्र खास कॅलिफोर्नियाचा, आणि तो मंडळाच्या पत्रिकेवर आला की सभागृह भरते, कारण श्रोत्यांपैकी अनेकांनी त्याच आठवड्यात तेथे जाऊन जेवण केलेले असते. वक्ता जमातीच्या प्रशासनातला असो, नियामक मंडळातून निवृत्त झालेला असो किंवा स्थानिक महाविद्यालयात इतिहास शिकवणारा असो, व्याख्यानानंतर विचारले जाणारे प्रश्न जवळपास तेच असतात: या लोकांना जुगाराची परवानगी कोणी दिली, ते कर का भरत नाहीत, प्रत्येकाला वर्षाला किती मिळतात, आणि यंत्रांवर देखरेख कोणाची. हे प्रश्न वरवर व्यवहाराचे दिसतात. त्यांची उत्तरे मात्र दर वेळी एकाच ठिकाणी, जमात हे एक सरकार आहे या वस्तुस्थितीशी, येऊन थांबतात. राजकारण वर्ज्य असलेल्या मंचावर राज्यशास्त्राचा हा सर्वांत कठीण धडा जेवणानंतर दिला जातो, हे या सभांचे खरे मोल आहे.

परवानगी देणारे कोण?

‘परवानगी’ हा शब्दच श्रोत्यांना चुकीच्या दिशेने नेतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८३१ आणि १८३२ मधील चेरोकी जमातीच्या खटल्यांत जी भूमिका मांडली, तिच्यानुसार जमाती या संघराज्याच्या छत्राखालील परावलंबी, पण स्वतःचा कारभार स्वतः करणाऱ्या राष्ट्रांसारख्या आहेत आणि त्यांच्या भूमीवर घटक राज्यांचे कायदे आपोआप चालत नाहीत. म्हणजेच संघराज्याच्या संसदेने काढून घेतले नसतील ते अधिकार जमातीकडे मुळातच असतात. कोणी ते बहाल करावे लागत नाहीत.

कॅलिफोर्नियात हे तत्त्व कागदावरच राहिले, आणि ते कसे राहिले याची हकिगत व्याख्यानात सांगितली जाते तेव्हा सभागृह शांत होते. लिंकनपासून फार दूर नसलेल्या कोलोमा येथे जानेवारी १८४८ मध्ये सोने सापडले आणि पुढच्या काही वर्षांत लाखो लोक या प्रदेशात घुसले. १८५१-५२ मध्ये संघराज्याच्या प्रतिनिधींनी येथील जमातींशी १८ करार केले, जमातींनी विस्तीर्ण प्रदेशावरील हक्क सोडला आणि त्याबदल्यात राखीव भूमीचे वचन घेतले. सिनेटने मात्र १८५२ मध्ये हे करार फेटाळले आणि त्यांवर गुप्ततेचे जे शिक्कामोर्तब केले ते १९०५ पर्यंत उठले नाही. जमिनी गेल्या, वचन उरले नाही, आणि ते का उरले नाही हे अर्धशतकाहून अधिक काळ कोणाला कळलेही नाही. इतिहासकार बेंजामिन मॅडली यांच्या मांडणीनुसार १८४६ च्या सुमारास दीड लाख असलेली कॅलिफोर्नियातील मूलनिवासींची संख्या पाव शतकात तीस हजारांच्या आसपास आली. रोगराई, उपासमार आणि सक्तीची मजुरी यांच्या जोडीला राज्याच्या पैशाने चाललेल्या हत्याकांडांचाही त्यात वाटा होता. राज्याचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी जून २०१९ मध्ये त्याबद्दल अधिकृत माफी मागितली.

विसाव्या शतकाच्या आरंभी भूमिहीन झालेल्या समूहांसाठी संघराज्याने काही एकरांचे तुकडे विकत घेतले. त्यांना स्पॅनिश वारशातून आलेल्या शब्दाने ‘रँचेरिया’ म्हणतात. १९५८ मध्ये, ‘सर’ मंडळाची पहिली सभा भरली त्याच वर्षी, संसदेने कायदा करून यांपैकी ४१ रँचेरियांची मान्यता संपवण्याचा मार्ग मोकळा केला. जमीन सभासदांत वाटायची, त्याआधी पाणी आणि रस्ते नीट करून द्यायचे, आणि त्यानंतर जमात म्हणून असलेले नाते तोडायचे, असा सौदा होता. नाते तुटले, पाणी आणि रस्ते अनेक ठिकाणी आलेच नाहीत. याच मुद्द्यावर टिली हार्डविक या पोमो स्त्रीच्या नावाने चाललेल्या दाव्यात १९८३ मध्ये १७ रँचेरियांची मान्यता परत आली.

जुगाराचा धागा या कहाणीत येतो तो एका क्षुल्लक करबिलातून. मिनेसोटातील लीच लेक राखीव क्षेत्रात राहणाऱ्या ब्रायन या चिप्पेवा दांपत्याला त्यांच्या फिरत्या घरावर १४७ डॉलर ९५ सेंट कर भरण्याची नोटीस आली, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की राज्याला राखीव क्षेत्रातील गुन्ह्यांविषयी अधिकार दिलेले असले, तरी तेथील लोकांच्या व्यवहारांवर कर लादण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. राज्य एखादी गोष्ट पूर्णपणे निषिद्ध मानते की तिचे केवळ नियमन करते, हा भेद त्यानंतर कळीचा ठरला. फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने १९७९ मध्ये मोठ्या बक्षिसांचा बिंगो सुरू केला; आपल्याकडे सहलींत आणि मंडळांत खेळल्या जाणाऱ्या तंबोल्याचेच हे भावंड, आणि फ्लोरिडात चर्च व धर्मादाय संस्था तो राजरोस खेळवतच होत्या. दक्षिण कॅलिफोर्नियात कॅबझोन या जेमतेम २५ सभासदांच्या समूहाने १९८० मध्ये पत्त्यांचा क्लब काढला, पोलिसांनी धाड घातली, आणि शेजारच्या मोरोंगो समूहासह त्यांनी लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी सहा विरुद्ध तीन अशा निकालात न्यायालयाने म्हटले की जे राज्य स्वतः लॉटरी चालवते आणि पत्त्यांच्या क्लबांना परवाने देते, ते जुगार निषिद्ध मानते असे म्हणता येत नाही. ते त्याचे नियमन करते, आणि राज्याचे नियमन जमातीच्या भूमीवर चालत नाही.

पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९८८ रोजी, ‘इंडियन गेमिंग रेग्युलेटरी ॲक्ट’ झाला. अनेकांना वाटते की या कायद्याने जमातींना हक्क दिला. वस्तुतः त्याने न्यायालयाने मान्य केलेल्या हक्काला वेसण घातली. पारंपरिक खेळ पहिल्या वर्गात, बिंगो आणि तत्सम खेळ दुसऱ्या वर्गात, तर पैसे टाकून चालणारी स्लॉट यंत्रे आणि कॅसिनोचे बहुतेक खेळ तिसऱ्या वर्गात टाकून त्याने तिसऱ्या वर्गासाठी राज्याशी ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे दोन सरकारांमधील करार करण्याची अट घातली. राज्ये येथे नियंत्रक म्हणून वागत असली तरी कायद्याच्या भाषेत ती वाटाघाटीच्या टेबलावरची दुसरी बाजू आहेत, आणि ही जाणीव दोन्ही बाजूंना सारखीच अवघड जाते.

४९ एकर

ऑबर्न गावाजवळच्या रँचेरियाची जमीन १९१७ मध्ये संघराज्याने मिळवली होती. १९६७ मध्ये तिची मान्यता संपली, आणि मान्यतेबरोबर आरोग्य, शिक्षण व घरबांधणीची मदतही संपली. राहिलेल्या कुटुंबांनी पाठपुरावा केल्यावर १९९४ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून जमात पुन्हा मान्य केली. पण एकसंध भूमी जवळपास उरली नव्हती. म्हणून लिंकनजवळची ४९ एकर जागा निवडली गेली आणि ती संघराज्याने ‘विश्वस्त भूमी’ म्हणून स्वीकारली. विश्वस्त भूमी म्हणजे मालकी कागदोपत्री संघराज्याची आणि उपभोग व कारभार जमातीचा, अशी जमीन. तेथे काउंटीचा मालमत्ता कर किंवा बांधकामाचे नियम चालत नाहीत. शेजारच्या रोझव्हिल आणि रॉकलिन या शहरांनी नागरिकांच्या एका गटासह न्यायालयात धाव घेतली. १९८८ नंतर मिळवलेल्या जमिनीवर जुगार चालवता येत नाही असा सर्वसाधारण नियम असल्याने त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता, परंतु मान्यता परत मिळालेल्या जमातीला परत दिलेल्या भूमीचा अपवाद त्याच कायद्यात आहे, आणि वॉशिंग्टनमधील अपील न्यायालयाने २००३ मध्ये तो येथे लागू केला.

या वादात जमातीने घेतलेली भूमिका शहाणपणाची होती. कायद्याने बंधन नसतानाही तिने प्लेसर काउंटीशी करार करून पोलिस, अग्निशमन आणि रस्ते यांच्या खर्चापोटी पैसे देण्याचे मान्य केले. कॅसिनो चालवण्याचा अनुभव नसल्याने सुरुवातीची काही वर्षे लास व्हेगासमधील स्टेशन कॅसिनोज या कंपनीकडे व्यवस्थापन होते. कायद्यानुसार अशा कंपनीला निव्वळ उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत ४० टक्क्यांपर्यंत मोबदला घेता येतो आणि कराराची मुदत पाच ते सात वर्षांपुरती असते. २०१० मध्ये ती व्यवस्था संपली आणि कारभार जमातीच्या हाती आला.

यंत्रांना मात्र आणखी एका कौलाची गरज होती, आणि येथे भोजनसभेतील श्रोता कथेत थेट प्रवेश करतो. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जमाती-कॅसिनोंना अनुकूल प्रस्ताव भरघोस मतांनी मंजूर केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेशी विसंगत म्हणून रद्द केल्यावर मार्च २००० मध्ये घटनादुरुस्तीच मांडली गेली आणि सुमारे ६४ टक्के मतदारांनी तिला होकार दिला. लास व्हेगासच्या शैलीची यंत्रे राज्यात केवळ जमातींच्या भूमीवर चालतील, ही व्यवस्था त्या होकारातून आली. आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेल्या सभासदांपैकी जे तेव्हा राज्यात होते, त्यांना या प्रश्नावर दोनदा मत देण्याची संधी मिळाली होती. ‘यांना परवानगी कोणी दिली’ या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्या गोल टेबलांभोवतीच बसलेला असतो.

यंत्राच्या पोटात

परिसरात जमाती-कॅसिनो येण्यापूर्वी सॅक्रामेंटोच्या ज्येष्ठांना याच विरंगुळ्यासाठी डॉनर खिंड ओलांडून नेवाडातील रिनो गाठावे लागे, आणि हिवाळ्यात बर्फ पडले की तो रस्ता कधीकधी बंद पडे. मंडळांच्या बसगाड्यांच्या सहली तेव्हापासूनच्या. अंतर मिटले तेव्हा सहलीची जागा सवयीने घेतली, आणि हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे: वर्षातून दोनदा ठरवून केलेला खर्च आता आठवड्यातून दोनदा, न ठरवता होऊ शकतो.

‘हे यंत्र बऱ्याच दिवसांत पडले नाही, आता पडेल’ हा समज श्रोत्यांत खोलवर रुजलेला असतो, आणि चांगला वक्ता तो शांतपणे दूर करतो. स्लॉट यंत्राच्या आत यादृच्छिक अंक निर्माण करणारी प्रणाली अखंड चालू असते, कळ दाबल्याच्या क्षणी जो अंक हाती येतो त्यावर निकाल ठरतो, आणि यंत्राला मागच्या खेळाची आठवण नसते. दीर्घकाळाच्या सरासरीने यंत्राने किती भाग राखून ठेवायचा हे आधी ठरलेले असते. समजा हा वाटा आठ टक्के आहे, एक डॉलरचा डाव आहे आणि तासाला पाचशे वेळा कळ दाबली जाते. तर सरासरीने तासाला चाळीस डॉलर जातात. मधूनमधून होणारी लहान-मोठी प्राप्ती ही रक्कम खेळणाऱ्याच्या लक्षात येऊ देत नाही. सभासदकार्डाने यंत्राचा निकाल बदलत नाही; ते फक्त नोंद ठेवते, आणि त्या नोंदीवरून गिऱ्हाईक सरासरीने किती गमावील याचा अंदाज बांधून त्याचा काही हिस्सा फुकट जेवण किंवा खेळण्याचे पैसे म्हणून परत पाठवला जातो. टपालाने येणारे रंगीत पत्रक म्हणजे स्वतःच्याच तोट्यातून आलेली सूट होय. देखरेख तिहेरी असते: जमातीचा स्वतःचा गेमिंग आयोग, राज्याची यंत्रणा आणि संघराज्याचा राष्ट्रीय आयोग.

निवृत्ताच्या बाबतीत धोका वेगळा आहे तो उत्पन्नामुळे. तीस वर्षांच्या माणसाने गमावलेले पैसे तो पुन्हा मिळवू शकतो. सोशल सिक्युरिटी हे सरकारी निवृत्तिवेतन आणि बचत यांवर जगणाऱ्याला ती संधी नसते. आणखी एक गोष्ट प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी माहीत असायला हवी, कारण ती जीव पोळणारी आहे: कंपवातावर दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात. जन्मभर काटकसरीने जगलेला माणूस अचानक बचत उधळू लागला, तर घरचे त्याच्या स्वभावाला दोष देतात. खरे तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी केल्यास किंवा औषध बदलल्यास ही ओढ बहुधा ओसरते. एखाद्याला स्वतःहून कॅसिनोच्या बंदीयादीत नाव घालून घेण्याची सोयही आहे. भोजनसभेच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटे जरी या माहितीला मिळाली, तरी ते व्याख्यान सार्थकी लागेल.

तिजोरीचा खर्च

कॅसिनोचे निव्वळ उत्पन्न कशावर खर्च करायचे हे १९८८ च्या कायद्यातच लिहिले आहे: जमातीचा कारभार, सभासदांचे कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय आणि स्थानिक सरकारांना साहाय्य. खासगी कॅसिनोच्या भागधारकांना जो नफा मिळतो, तो येथे सरकारी महसूल ठरतो, आणि म्हणूनच एका राज्याला किंवा शहराला जसा संघराज्याचा आयकर लागत नाही तसा तो जमातीच्या सरकारालाही लागत नाही. सभासदांना मिळणाऱ्या दरडोई वाटपावर मात्र प्रत्येकाला संघराज्याचा आयकर भरावा लागतो, आणि असे वाटप करण्यापूर्वी त्याची योजना गृहखात्याकडून मंजूर करून घ्यावी लागते. (अमेरिकेतील हे ‘इंटिरियर’ खाते पोलिसांशी संबंधित नसून भूमी आणि जमातींचा कारभार पाहते.) अनेक जमाती दरडोई वाटप करतच नाहीत.

लिंकनपासून मोटारीने दीड-दोन तासांवर, कापे खोऱ्यात, योचा दिही विंटुन नेशन ही जमात राहते. १९८५ मध्ये तिने उघडलेल्या बिंगोगृहाचे आज कॅश क्रीक नावाचे मोठे विश्रामस्थान झाले आहे. तिच्या अग्निशमन दलाला व्यावसायिक मानांकन मिळाले आहे, आणि असे मानांकन मिळवणारे ते कोणत्याही जमातीचे पहिले दल ठरले. खोऱ्यात आग लागली की हे बंब शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरांकडेही धावतात. जमातीची स्वतःची शाळा आहे, पटविन भाषा शिकवण्याचे काम चालते, ऑलिव्हचे तेल काढण्याची गिरणी आहे आणि शेती आहे. कॅसिनो कायम राहील असे गृहीत न धरता उत्पन्नाचे इतर मार्ग तयार करण्याची ही दूरदृष्टी गावातल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याची आठवण करून देते.

परंतु हे चित्र सर्व जमातींचे नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षात देशभरातील जमाती-कॅसिनोंचे एकूण उत्पन्न ४१.९ अब्ज डॉलर झाले, आणि हा आकडा ऐकला की मूलनिवासी आता श्रीमंत झाले असा निष्कर्ष सभागृहात निघतो. संघराज्याने तेव्हा मान्य केलेल्या ५७४ जमातींपैकी निम्म्याहून कमी जमाती कॅसिनो चालवत होत्या, आणि उत्पन्नाचा मोठा भाग महानगरांजवळच्या थोड्या कॅसिनोंत एकवटलेला आहे. साउथ डकोटातील पाइन रिज येथेही कॅसिनो आहे. तेथे जवळपास महानगर नाही, आणि गरिबी आहे तशीच आहे. कॅलिफोर्नियाच्या करारांत मोठे कॅसिनो चालवणाऱ्या जमातींनी भरलेल्या निधीतून, कॅसिनो नसलेल्या किंवा ३५० पेक्षा कमी यंत्रे असलेल्या जमातींना वर्षाला ११ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याची सोय आहे. ही वाटणी उदार असली तरी भूगोलाने केलेला अन्याय तिने भरून निघत नाही.

पैशाबरोबर कटुताही आली आहे. सभासद कोण हे ठरवण्याचा अधिकार जमातीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केले. त्या अधिकाराचा वापर करून काही जमातींनी, दक्षिण कॅलिफोर्नियातील पेचांगासह, संपूर्ण घराण्यांची नावे सभासदयादीतून काढून टाकली. वाटप घेणारी डोकी कमी करण्यासाठी हे झाले, असा बाहेर काढलेल्यांचा आरोप आहे. पूर्वजांच्या नोंदी तपासून केलेली ही दुरुस्ती आहे, असे जमातींचे म्हणणे आहे. नावे काढून टाकलेल्यांना बाहेरच्या न्यायालयात फारशी दाद मिळत नाही. सार्वभौमत्वाचे समर्थन करणाऱ्यानेही ही जखम झाकून ठेवू नये. जो अधिकार दीर्घकाळ नाकारला गेला तोच आज काही आजी-आजोबांना त्यांच्या स्वतःच्या समाजातून बेदखल करण्यासाठी वापरला जात असेल, तर ते दुःख अधिकच मोठे आहे.

मराठी ज्येष्ठ आणि मांडवीचे पात्र

सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि सॅक्रामेंटो परिसरातील मराठी घरांत मुलांकडे राहायला आलेले किंवा कायमचे स्थायिक झालेले ज्येष्ठ आता मोठ्या संख्येने आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाने त्यांच्यासाठी ‘उत्तररंग’ हा उपक्रम चालवला आहे, आणि मंडळाचे २०२४ चे अधिवेशन सॅन होजे येथेच भरले होते. गाडी न चालवणाऱ्या, दिवसभर घरी एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांसाठी कॅसिनोची वातानुकूलित बस, स्वस्त जेवण आणि माणसांची वर्दळ यांचे आकर्षण समजण्याजोगे आहे. ते मुख्यतः एकटेपणातून येते, आणि त्यावरचा उपाय कीर्तन, भिशी, वाचनकट्टा किंवा भोजनसभा यांच्यासारख्या नियमित भेटींत अधिक आहे.

मराठी वाचकाला कॅसिनो म्हटल्यावर आठवते ते पणजीचे मांडवीचे पात्र. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलांच्या खेळांना मुभा मिळाली. महाराष्ट्रात १९७६ चाच कॅसिनो नियंत्रण व कर कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला; लॉटरी मात्र राज्य सरकार १९६९ पासून चालवत आले. मांडवीवरच्या जहाजांचा नफा परवानाधारक कंपन्यांचा आणि राज्याचा वाटा शुल्क व करांपुरता असतो. थंडर व्हॅलीत मालक, करग्राही आणि शाळा चालवणारा हे तिघेही एकच आहेत, आणि ज्या नदीकाठच्या गावकऱ्यांच्या जगण्यावर कॅसिनोचा परिणाम होतो त्यांच्या हाती गोव्यात असे काहीही नाही. यावरून जुगार चांगला ठरत नाही. पण त्याच्या पैशावर हक्क कोणाचा, हा प्रश्न अधिक नीट विचारता येतो.

पुढचा कौल

नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांसमोर क्रीडा-सट्ट्याचे दोन प्रस्ताव आले. एक जमातींच्या कॅसिनोंत आणि घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांत प्रत्यक्ष जाऊन सट्टा लावू देणारा. दुसरा फोनवरून सट्टा खुला करणारा, आणि त्यामागे मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचा पैसा होता. दोन्ही बाजूंनी मिळून चाळीस कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. पहिला प्रस्ताव सुमारे दोन-तृतीयांश मतांनी आणि दुसरा पाचांपैकी चारांहून अधिक मतांनी फेटाळला गेला.

जमातींना या दुसऱ्या प्रस्तावाची जी धास्ती होती तिचे कारण भूमीत आहे. त्यांचा हक्क विश्वस्त भूमीशी बांधलेला आहे, गिऱ्हाइकाने त्या भूमीवर यावे लागते, आणि खेळ खिशातल्या फोनवर गेला की ४९ एकरांचे मोल राहत नाही. निवृत्तांच्या बाजूनेही हा फरक मोठा आहे, कारण बसने जाणाऱ्याला निदान परतीची वेळ असते, बरोबर मंडळातले चार जण असतात आणि दुसऱ्या महिन्याच्या सभेत कोणीतरी विचारपूस करतो. दरम्यान जमातींमधली स्पर्धाही वाढली आहे: एल्क ग्रोव्ह येथे विल्टन रँचेरियाचा कॅसिनो २०२२ मध्ये उघडला, आणि व्हॅलेहो येथे स्कॉट्स व्हॅली पोमो समूहाच्या कॅसिनोला संघराज्याने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या मान्यतेला योचा दिही जमातीने, तो प्रदेश पटविन पूर्वजांचा आहे असे सांगत, कडाडून विरोध केला आहे. म्हणजे आता भोजनसभेला दोन जमातींचे वक्ते बोलावले, तर ते एकमेकांच्या विरोधात बोलतील. लिटल सरने त्या दोघांनाही बोलवावे आणि प्रश्नोत्तरांसाठी नेहमीपेक्षा अधिक वेळ राखून ठेवावा.